डाव्या बटणाचा दोष

इथल्या मराठी मंडळाच्या गणपती स्मरणिकेचं टायपिंग बायकोकडे आलं, तेव्हा मला फार आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. मी जन्मापासून जयपूरचा, शिकलो हिंदी शाळेत. ती लग्न होऊन साताऱ्याहून आलेली, मंडळाचे लेख तीच तपासायची. आदल्या वर्षी माझा लेख तिने बैठकीत वाचून दाखवला आणि म्हणाली, "ह्यांनी हिंदीला लुगडं नेसवलंय." खोलीभर हशा. मीही हसलो, पण आतून जळून खाक झालो.

टायपिंगच्या चौथ्या दिवशी तिचा गोंधळ सुरू झाला. एकदा क्लिक केलं की दोनदा व्हायचं. शब्दात कर्सर ठेवायला जावं तर अख्खा शब्द निवडला जायचा, आणि पुढचं अक्षर टाइप करताच गायब.

"अहो, माउस बिघडलाय का बघता?"

"माउसला काय धाड भरलीय? तुझा हात थरथरतो. वय झालं, मतलब, चालायचंच."

तिने उजवा हात समोर धरला आणि बघत राहिली. संध्याकाळी मंडळाचे लोक मजकूर द्यायला आले. त्यांच्यासमोरही मी तेच बोललो, वर हात थरथरवून नक्कलही केली. ते हसले. तीही हसली. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्यावर मी गाडीचं तिकीट बघायला बसलो, तर माझंही क्लिक दोनदा. मग माउस उलटा करून स्क्रू काढला. डाव्या बटणाखालचा बारका स्विच झिजला होता. उजवं बटण ती फारसं वापरत नसे, म्हणून तिथला स्विच काढून डावीकडे सोल्डर केला, झिजलेला उजवीकडे. मग दाबून पाहिलं. एकदा दाबलं की एकदाच.

तेवढ्यात ती आली. पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली, "मंडळाला फोन केला. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्या चुका छापून यायला नकोत."

सोल्डरचा वास अजून खोलीत होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"बरं केलंस," मी म्हणालो.

स्मरणिका आली, चुकांनी बुजबुजलेली. तिने पानं उलटली आणि एकही चूक न दाखवता कपाटात ठेवून दिली. लेख तपासून द्या म्हणून आता मंडळातलं कुणी तिला विचारत नाही, आणि विचारलं तरी ती नको म्हणते. हे लिहिलेलंही मी तिला दाखवणार नाही.

हल्ली काही शिवायचं असलं की ती सुई-दोरा घेऊन माझ्याकडे येते. "तेवढा दोरा ओवून द्या हो, माझा हात हलतो." असं म्हणून ती सुई माझ्यासमोर धरते.

मी दोरा ओवतो. सुई धरलेला तिचा हात जराही हलत नाही.