सहा दिवस मनगटावर पट्टा

माझ्या नवऱ्याने मशीनला फसवलं, आणि मी त्यांना मदत केली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. घरात कुणाशी हे बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

हिंगणीच्या आमच्या शेतात त्यांनी आयुष्यभर वांगी आणि भेंडी पिकवली. मग पार्किन्सन आला. उजवा हात बसल्याजागी थरथरायचा. घास तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडायचा.

हळूहळू त्यांनी लग्नाच्या पंगतीत बसणं सोडलं. "मले भूकच नाई," म्हणायचे.

नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं सुचवलं. मेंदूत बारीक तारा, छातीत बॅटरी. हात बराच शांत होऊ शकतो, म्हणाले.

यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

पण आधी एक test होती. मनगटावर घड्याळासारखा पट्टा, सहा दिवस. दिवसभर हात किती हलतो, कधी अडतो, सगळं त्यात नोंदवलं जाणार. गोळी घेतली की बटन दाबायचं. "रोजच्यासारखंच राहा," एवढंच डॉक्टर म्हणाले.

पहिल्या दिवशी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पट्ट्याचा हात मांडीखाली.

"अहो, असे काऊन बसले?"

"डॉक्टर पाहून राह्यला ना यातून."

"तो हातच पाहणार आहे. हलू द्या की."

"तुले नाई समजत. गडी धड दिसला पाह्यजे. तेव्हाच तो म्हणते ना, याले ऑपरेशन झेपते."

चाळीस वर्षं बाजारात टोपलं मांडलेला माणूस. चांगली वांगी वर, डागी खाली. गिऱ्हाइकापुढे आणखी कसं जायचं, त्यांना माहीतच नव्हतं.

आणि मी?

मी शर्टाची बटणं लावली. वरण-भात कालवून भरवला. चहाचा कप ओठाला धरला. गोळीचा असर उतरायच्या आत पुढची गोळी हातावर ठेवली, आणि बटन मात्र ठरलेल्या वेळेलाच दाबलं.

पट्ट्यासोबत एक इंग्रजी पत्रक होतं. "काय म्हणते तो कागद, कॉन्व्हेंट?" त्यांनी विचारलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून लग्नापासून मला हेच नाव.

त्यात स्पष्ट लिहिलं होतं, रुग्णाला मदत करू नका. गोळीची वेळ बदलू नका.

मी वाचलं होतं. "काही विशेष नाही," म्हटलं. सहा दिवस त्यांच्या हातून काही सांडताना दिसलं नाही, तेच मला बरं वाटत होतं.

डॉक्टरांनी graph पाहिला आणि हसले. "अरे वा, काका. गोळ्या छान लागू पडताहेत. ऑपरेशनची घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

मी बोलायला तोंड उघडलं. यांनी टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला. खोटं पकडलं जाईल, याची त्यांना लाज.

मी फाइल उचलली आणि उठले.

परतीच्या बसमध्ये सेलू आलं. तेव्हा हे खिडकीकडे पाहतच म्हणाले, "सहा महिन्यांनं खरं खरं दाखवू. तू नको भरवजो तेव्हा."

चौथ्या महिन्यात न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत गेले.

नंतर मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऑपरेशनने न्यूमोनिया टळला असता असं नाही, बाई. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील.

पण शेवटचे काही महिने तरी हे आपल्या हाताने जेवले असते. पुतण्याच्या लग्नात पंगतीत बसले असते. ते लग्न त्याच दिवसांत झालं, आणि हे मांडवाबाहेर खुर्चीवर बसून राहिले.

तुमच्या घरी असं कुणी असेल आणि डॉक्टरांनी असा पट्टा दिला, तर सहा दिवस मदत करू नका. फार जड जातं. तरी करू नका.

अहो, तुम्ही हात दाबला होता, तरी आज मी सगळ्यांना सांगून टाकलं. रागावू नका.

तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.