कडक भाकरी आणि अप्पांची कवळी

आईला वृद्धाश्रमात न्यायचं असेल तर कुणी सोबत चाळीस कडक भाकऱ्या नेत नाही. मी नेल्या.

त्याचं असं झालं. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, वय शहात्तर, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, बादली मोडली. पण डॉक्टरांनी बजावलं, "यांना दिवसा एकटं ठेवायचं नाही." आली का पंचाईत! बायको रोज सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला नोकरीला जाते आणि मी इथं सोलापुरात शाळेत हेडक्लार्क. त्यात पुण्याहून माझ्या बहिणीचा, सुमाचा फोन. "दादा, रविवारपर्यंत सोय लाव. नाहीतर मी अव्वाला पुण्याला घेऊन जाते!"

अव्वानं फोन माझ्या हातातून ओढलाच. "मी न्हाय येनार! तुजा चौदावा मजला. खाली बघितलं की चक्कर, वर बघितलं की चक्कर. हितं तरी एकदाच आली की!"

फोन ठेवल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "मला पाठवू नको रं. माजी समदी मानसं हितं हायत."

हेडक्लार्क माणसाला काही सुचेनासं झालं की तो तक्ता करतो. मीही केला, पट्टीनं रेघा मारून! घरी येणारी बाई, बारा तासांची. तीच चोवीस तासांची (रेट ऐकून मीच घटाघटा पाणी प्यालो). दिवसापुरती सोय, दहा ते पाच. वृद्धाश्रम, साधी खोली. वृद्धाश्रम, आत संडास. आणि पुण्याकडचा तो आलिशान प्रकार, ज्याच्या अनामत रकमेत मंद्रूपला शेत आलं असतं. शेवटच्या ओळीत 'मोफत वृद्धाश्रम' होता, पण तिथं चौकशी केली तर म्हणाले, "त्यासाठी माणूस निराधार लागतो."

अव्वानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. "मग मला चालंल की!"

आधी बारा तासांची बाई लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी सहज घरी डोकावलो, तर बाई पलंगावर आडवी आणि अव्वा तिच्या गुडघ्यांना तेल चोळतेय!

"अव्वा! अगं, मी पैसे देतोय तिला!"

"मग वाडव की जरा! दोन घरची कामं करून येती बिचारी. आनि वरडू नको, आत्ता डोळा लागलाय तिचा."

बाईला ओशाळं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

उरला शनिवार. होटगीच्या बाजूला एका वृद्धाश्रमात दहा ते पाचची सोय होती. फी जरा जास्तच होती, पण माझं डोकं चाललं (इथंच घोळ झाला). सोलापूरचा माणूस कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही. मी चाळीस कडक भाकऱ्या आणि किलोभर शेंगाचटणी बांधून घेतली आणि अव्वाला घेऊन निघालो. म्हटलं, संचालिकाबाई खूश, फी कमी!

बाई खरंच खूश झाल्या. त्या फीचा कागद काढेपर्यंत मी हॉलमध्ये शिरून स्वतःच्या हातानं भाकऱ्या वाटायलाही लागलो. अप्पा नावाचे एक आजोबा हरखून गेले. "किती वर्षांनी बघितली रे!" म्हणत त्यांनी कचकन चावा घेतला.

कडाड!

मी म्हटलं, वा, काय खुसखुशीत आहे भाकरी! बघतो तर भाकरी अख्खी. अप्पांच्या तळहातावर कवळीचे दोन तुकडे! हॉलमध्ये वीस म्हातारी माणसं, सगळ्यांचे मिळून खरे दात दहा-बारा, आणि हा शहाणा सगळ्यांच्या हातात कडक भाकरी देऊन मोकळा!

"अहो, काही विचार?" बाई कडाडल्या. "उचला त्या भाकऱ्या आणि निघा. आमच्याकडं जागा नाही!"

मला दरदरून घाम फुटला. उद्या रविवार. आता अव्वा पुण्याला चालली, आणि तीही माझ्या हुशारीमुळं!

अव्वानं मात्र पदर खोचला. "सैपाकघर कुटंय?"

कुणी काही बोलायच्या आत ती आत गेली. लसणाची फोडणी देऊन पातळ आमटी केली, त्यात सगळ्या भाकऱ्या कुस्करल्या. अर्ध्या तासात लोण्यासारखं मऊ! अप्पांनी बिनदातांनी तीन वाट्या रिचवल्या आणि चौथीसाठी हात पुढं केला.

कोपऱ्यात एक आजी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. "त्या कुणाशी बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "जेवणही नावापुरतंच." अव्वा वाटी घेऊन त्यांच्याजवळ टेकली आणि तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये म्हणाली, "ऊटा आतेनु?" म्हणजे, जेवलीस का?

आजी गर्रकन वळल्या. अव्वाचा हात गच्च धरला आणि जे कन्नड सुरू झालं, ते तासभर थांबेना! अक्कलकोटच्या पलीकडच्या त्या. आश्रमात दुसऱ्या कुणालाच कन्नड येत नव्हतं. दोघी रडल्या, हसल्या, एका वाटीत जेवल्या. संचालिकाबाई डोळे पुसत होत्या. मी तर खांबाआड जाऊन रडून घेतलं. ही माझी आई, आणि मी तिला कुठं ठेवायचं याचा तक्ता करत होतो!

"आजी, रोज याल?" बाई म्हणाल्या. "फी नको. उलट मानधन आणि रिक्षाभाडं आम्हीच देऊ."

"येती की! दिसभर मानसांत ऱ्हाईन. पन आदी अप्पास्नी नवी कवळी. ह्याच्या पगारातनं!"

मी तिथूनच सुमाला फोन लावला. "सोय लागली!"

"फी किती?"

"तेच अव्वाला देणार आहेत."

सुमानं मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग ती म्हणाली, "राहू दे तिला सोलापूरलाच."

निघताना अव्वा दारात थबकली. "बाई, एक इचारू? माज्या ह्या पोराचं काय घ्याल? शाळंला सुट्टी असली की घरात एकटाच असतोय. मला लई घोर लागतो."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग अप्पांच्या हातातल्या तुकड्यांकडं.

"नाही हो आजी," त्या म्हणाल्या, "यांना चोवीस तासांची बाईच लागेल."

तो रेट मला पाठ होता.