शेठजींचा पूर्व युरोप

भोकरदनच्या पेठेत, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात बसून अल्बानियातल्या महागाईपायी ज्याला जेवण जात नाही, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला आलाय. मी जालन्यातून एक साप्ताहिक काढतो आणि हे शेठजी त्याचे आर्थिक वार्ताहर. बिनपगारी आणि स्वयंघोषित! ज्या ज्या देशांतून कम्युनिस्ट राजवट गेली आणि बाजार आला, ते सगळे देश त्यांच्याकडे. उरलेलं जग आम्ही सांभाळायचं. दिवसभर मोबाइलवर बातम्या धुंडाळणार आणि मजकूर मात्र कागदावर लिहून एसटीच्या कंडक्टरकडे देणार. हे खूळ कुठून शिरलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साहेब, ज्यांनी जन्मात गल्ला पाह्यला न्हाई, त्यांना एकदम दुकानदार केलं हो! कसं निभलं असंल त्यांचं?" आणि खरंच, स्वतःची पोरं परगावी शिकायला ठेवल्यासारखी काळजी त्यांच्या तोंडावर होती.

लिहिण्याचा थाट सगळा मोंढ्यातल्या धान्यबाजाराचा. 'रोमानियात तेजी, मोल्दोवा नरम'. हे छापून आलं तेव्हा हसनाबादच्या एका वाचकाचा फोन आला, की मोल्दोवा हे मक्याचं वाण कुठल्या कंपनीचं? मी कपाळावर हात मारून घेतला. शेठजी मात्र खूश. "लोक वाचून तर राह्यलेत ना!"

लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या मंडळींचीही सुटका नसे. "सरकारनं कारखान्याच्या हिश्शाच्या चिठ्ठ्या घरोघर वाटल्या. लोकांना त्याची किंमत काय ठाऊक? मंग दोन-चार हुशार लोकांनी त्या स्वस्तात गोळा केल्या. बिलकुल असं झालं पाहा!" असं म्हणून ते पातेलं स्वतःच्या मांडीवर घेत आणि चिठ्ठ्या म्हणून झाकणं मंडळींच्या हातात देत. नवरीच्या मामापासून करवलीपर्यंत सगळे झाकणं धरून उभे! मग हळूच ती खाली ठेवून मंडळी शेजारच्या दुकानात शिरत. "भाईसाब, गिऱ्हाईक गेलं," धाकटा भाऊ दात-ओठ खात सांगे. "जाऊ दे," शेठजी म्हणत, "समजून तर गेलं!"

शेवटी धाकट्यानं वाटणी मागितली. त्याचं तरी काय चुकलं? पण शेठजी हबकले. दुकान अर्धं होईल याचं त्यांना काही नव्हतं, भाऊ तुटेल याची धास्ती होती. दोन दिवसांनी मला साक्षीला बोलावून म्हणाले, "झेक अन् स्लोव्हाक कसे अलग झाले? ना गोळी, ना गाली. आपलंबी तसंच झालं पाह्यजे." रीतीप्रमाणे थोरल्यानं वाटे पाडायचे आणि पहिली उचल धाकट्याची. वाटे असे बराबर पाडले, की उरलेल्या एका वाढायच्या डावावरून ते तासभर अडले होते. धाकट्यानं कोपऱ्याची बाजू उचलली, भावाच्या पाया पडला, आणि दुकानात मधोमध विटांची भिंत उभी राहिली. आवाज कुणाचाच चढला नाही. सारी पेठ वाहवा करत होती, आणि मीसुद्धा.

त्यानंतर मजकूर यायचा बंद झाला. मला करमेना, खरंच सांगतो. रोमानियाचं काय झालं, हे कळल्यावाचून माझं काय अडलं होतं? पण अडलं. म्हणून एका दुपारी भोकरदनची एसटी धरली.

शेठजी एकटेच बसले होते. समोर चहाचा भरला कप, वर साय धरलेली.

"काय शेठजी, भांडलात की काय धाकट्याशी?"

"न्हाई हो. सकाळी रामराम होतो, सणाला येणं-जाणं हाये. बराबर झालं सगळं." मग कपाकडे बघत म्हणाले, "ते दोन देश अलग झाले, त्याचं मी किती वाचलं. एक गोष्ट कुणीच लिहिली न्हाई. आमच्या दुकानात चहा एकच यायचा, साहेब. धाकटा कपात प्यायचा, मी बशीत. आता दोन दुकानं, दोन चहा. पुरा जात न्हाई मला."

अर्धा चहा त्यांच्या बशीत ओतला आणि कप मी घेतला. दोघांनी तो संपवला. चहा बरोबर अर्धा-अर्धा झाला होता. फक्त कप धरणारा माणूस चुकीचा होता, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.