मशीनचा अडकलेला इस्क्रू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि सांगून त्यानं काय केलं असतं? मान हलवली असती. तुम्हाला सांगते, पण रडणं ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका.

आमच्या सोलापूरच्या घरात शिवणाचं मशीन एकच, हातानं फिरवायचं. त्यावर आम्ही दोघी बसायचो — मी थोरली, आणि माझी धाकटी जाऊ गंगू, जवळच्या मंद्रूप गावची. तिला शिवायला मीच शिकवलं. वर्षभरात ती माझ्यापुढे गेली. गल्लीतल्या बाया चोळीचे खण घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "गंगूबाई हायत का?" मी समोर बसलेली असताना! माझा दीर कुठल्याच कामावर टिकत नव्हता. शिवणातून मिळेल तेवढंच गंगूचं स्वतःचं. तिला त्या मशीनची किती गरज आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आधीच सांगून ठेवते — नकळत काही झालं नाही.

एका दुपारी जाड चादरीची कड शिवताना सुई मोडली. माझ्या हातून. सुई आवळून धरणारा बारीक इस्क्रू सैल करायला गेले, तर तो हलेना. हलणार कसा? दर खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, आणि सासूबाई तेलात कालवलेलं हळदकुंकू नेमकं तिथंच थापायच्या. वर्षानुवर्षं त्याचं कीट चढून इस्क्रू डिंकानं चिकटवल्यासारखा बसला होता. थांबायला हवं होतं. थांबले का? सुरीचं टोक खाचेत घातलं आणि जोर केला. सुरी सटकली, अंगठा कापला, आणि इस्क्रूच्या डोक्यावरची खाच पार सपाट झाली.

संध्याकाळी सासूबाईंनी ते पाहिलं. "मशीनवर आज कोण बसलं हुतं?"

"सकाळी गंगू बसली हुती," मी म्हणाले.

बसली होतीच. शब्द एकही खोटा नाही — आणि सगळंच खोटं.

"मी न्हाय वो, आत्याबाई! सुईला हातबी लावला न्हाय मी."

"मंद्रूपात मशीन कधी बघितलं हुतंस का? पुन्यांदा शिवशील तर बघ त्याला!"

गंगूनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्यावरच्या चिंधीकडे. "काय लागलं, अक्का?"

"विळी."

तिला कळलं होतं.

नवरा मशीन दुरुस्तीला न्यायला निघाला. मी नेऊ दिलं नाही — कारागिरानं सुरीचे ओरखडे ओळखले असते. इस्क्रूवर दिवसभर घासलेटचे थेंब सोडले. हलके ठोके दिले. कानशीच्या कडेनं डोक्यावर नवी खाच पाडली. मग पेचकस दाबून धरून आधी जरा आवळला, मग सोडला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला — आणि निघाला.

"थोरली हाय म्हणून निभावतंय," सासूबाई म्हणाल्या. ती शाबासकी मी घेतली. इस्क्रू माझ्या तळहातावर, गंगू समोर उभी. खरं बोलायला याहून सोपी वेळ कुठली? नाही बोलले.

गंगू पुन्हा मशीनवर बसली नाही. कुणी बसू दिलं नाही. सुगीच्या आधी ती दिराला घेऊन मंद्रूपला गेली. तिथं दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते.

तुम्ही म्हणाल, वय लहान असेल, सासूचा धाक असेल. छे! मी तिशीतली होते, आणि सासूबाईच मला वचकून असायच्या. मला मशीन एकटीला हवं होतं. ते मिळालं. आजही मी त्यावरच शिवते, आणि चांगलं शिवते. गंगूचा हात माझ्याहून चांगला होता. तो खुरप्याला मी लावला — दुसऱ्या कुणी नाही.