नसलेल्या भिंतींना वळसा

वीरण्णांच्या गावाचं चित्र मीच बिघडवलं. मी भूमितीचा मास्तर. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे लातूरच्या क्लासांत घसा बसेपर्यंत शिकवलेलं. वीरण्णा वळसा घालून पुढे गेले. मला मधे मोकळी जागा दिसली. त्यांचा मोबाईल हातात धरून मी सरळ निघालो.

वीरण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. शुगर निघाली तेव्हा पुतण्याच्या मुलीनं, मनस्विनीनं, त्यांच्या मोबाईलवर चालण्याचं अॅप टाकून दिलं. चालाल तशी नकाशावर लाल रेघ उमटते. "आज्जा, नुसतं काय चालता? चालून चित्र काढा की!" म्हणाली. म्हाताऱ्याला नादच लागला. पण भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात सगळे रस्ते काटकोनात. मोर काढायला गेले, खाट निघाली. हत्ती काढला, तर पारावरच्या मंडळींनी "फ्रीज झकास जमला" म्हणून शाबासकी दिली.

मग त्यांनी जुनं गावच काढायचं ठरवलं. पडलेलं, वाकड्या गल्ल्यांचं. नकाशावर तिथं कोरी जागा होती. तिथं आता कुठल्याशा क्लासचं वसतिगृह होणार होतं आणि आम्ही चालायला गेलो त्याच दुपारी जेसीबी येणार होता. पायाचे दगड उचलले की गल्ली कुठली नि घर कुठलं!

वीरण्णा काठीनं बाभळीचे काटे सारत पुढे, मोबाईल घेऊन मी मागे.

"चला, चला, दारात थांबू नका!" जुनी सवय.

एवढ्यात मी तो शॉर्टकट मारला.

"ओ गुरुजी! कुठं शिरायलात? घर हाय ते!"

"कुणाचं?"

"माझं."

भूकंपाच्या रात्री वीरण्णा मुक्कामी गाडीवर भोकरला होते. घरात गंगम्मा होती, त्यांची बायको.

आम्ही मोबाईल पाहिला. सगळ्या गल्ल्या झकास वळल्या होत्या, आणि मधोमध माझी भूमिती: एका घरातून आरपार गेलेली लाल रेघ. पुन्हा पहिल्यापासून चालावं म्हटलं, तर जेसीबीनं गावाच्या कडेला, जुन्या लिंबाजवळचे दगड उपसायला सुरुवात केलेली. ड्रायव्हर ओरडत होता, "बाजूला व्हा, बाबा!"

वीरण्णा काठी टेकून उभेच. मी ओशाळून म्हणालो, "अण्णा, एवढं मनाला लावून घेऊ नका. आत तसं काहीच नव्हतं हो."

"त्येच बघायचं नव्हतं मला."