दोन निळे चिमटे

इंदोरा वस्तीत शालिकराम गजभियेची बॅटरी चार्जिंगची टपरी होती. तिथे बॅटरीच्या आधी तिच्या मालकाची तपासणी व्हायची. "काय पाजलं बे हिले? नळाचं पाणी? खरं सांग." माणूस कबुली देईपर्यंत शालिकराम झाकण उघडत नसे, आणि चूक सापडली की ती अख्ख्या चौकाला ऐकवत असे. कोराडीच्या वीज केंद्राला कोळसा वाहणारा ट्रकवाला धोंडबा चांगला धिप्पाड गडी, पण टपरीपाशी तोही दबकत यायचा.

शहात्तर सालच्या एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत बोलायला महिला मंडळाने शालिकरामच्या बायकोला, सुभद्राला, निवडलं. ती आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभी राहणार होती. महिनाभर ती चुलीपुढे भाषण घोकत होती.

"पाच मिनिटांच्या भाषणाले एक महिना?" शालिकराम म्हणायचा. "तेवढ्यात माणूस बी. ए. होते वं."

माईक मिरवणुकीच्या ठेल्यावर, माईकला बॅटरी, आणि बॅटरी शालिकरामकडे. म्हणजे चिंता नव्हती.

जयंतीच्या तोंडावर वस्तीला निळा रंग चढला. दारं झाली, खांब झाले, ठेल्याची चाकंसुद्धा झाली. उरलेला अर्धा डबा शालिकरामच्या हाती लागला. त्याने टपरीची फळी रंगवली, स्टूल रंगवलं, चार्जरची पेटी रंगवली. तरी रंग उरला, म्हणून चार्जरच्या वायरींचे लाल-काळे दोन्ही चिमटेही रंगवून टाकले. उत्साह उतू गेला की माणसाला झाकण सापडत नाही.

दुसऱ्याच दिवशी धोंडबा चार्ज करून नेलेली बॅटरी परत घेऊन आला. "गाडी उचलतच नाही गा."

"तुझा डायनॅमो गेला. आणि तुले पत्ता नाही! ट्रक चालवून राहिला का बैलगाडी?" शालिकरामने चौकाला ऐकवलं. बिचाऱ्याने डायनॅमो बदलला.

मग माईकची बॅटरी लावली. दिवसभर चार्जरवर ठेवून संध्याकाळी बल्ब जोडला, तर तो मिणमिणला आणि गपगार. शालिकरामने टर्मिनल घासले, वायर बदलली, अ‍ॅसिड मोजलं, डिस्टिल्ड पाणी भरलं. बॅटरी तापायची, पण जीव धरत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने निकाल दिला, "मेली. बिनमाईकचंच ओरड आता."

सुभद्राला इतके दिवस बोलायची भीती होती. इतके दिवस बोलायची भीती होती. आता बोलायला मिळणार नाही, याचं दुःख त्याहून मोठं निघालं. जेवणाचा डबा द्यायला आली, ती टपरीतून हलेना.

"अहो, यातला लाल चिमटा कोणता?"

"हा काय. हाताले समजते, अनुभव आहे."

तिने बांगडीच्या कडेने निळा रंग खरवडला. आतून काळा निघाला. लाल लावायच्या टर्मिनलवर काळा, काळ्याच्या जागी लाल. आठवडाभर हा गडी बॅटऱ्या उलट्या भरत होता.

शालिकरामने आधी चौकात कोणी ऐकलं का ते पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "कोणाले सांगू नको वं."

तिने डबा त्याच्यापुढे सरकवला आणि घरची वाट धरली.

पुढचे दोन दिवस त्याने बॅटरी बल्बवर पूर्ण रिकामी केली आणि सरळ जोडून सावकाश भरली. धोंडबाची बॅटरीही गुपचूप फुकटात भरून दिली. डायनॅमोचं नाव काढलं नाही.

जयंतीला ठेला चौकात थांबला. टर्मिनलवर माईकची वायर सैल बसत होती, म्हणून शालिकराम चिमटा हाताने धरून खाली उभा. सुभद्राने माईक धरला आणि महिनाभराचं पाठांतर एका क्षणात उडालं. समोर हजार माणसं. तिने खाली नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या चिमट्याकडे.

"बायांनो," ती म्हणाली, "हे बॅटरी तीन दिवस काहून चार्ज होत नव्हती, ते सांगतो तुमाले."

आणि तिने रंगाच्या डब्यापासून सगळं सांगितलं. हशा पिकला. धोंडबा गर्दीतून ओरडला, "अरे, माहा डायनॅमो!" तेव्हा तर माणसं पोट धरून खाली बसली. सुभद्राची भीती पळाली, आवाज मोकळा झाला.

"दुसऱ्याची चूक चौकात सांगता, मंग आपली घरात काहून लपवता?" तिने विचारलं, आणि बायांनी टाळ्यांनी चौक डोक्यावर घेतला.

शालिकरामचे कान लाल झाले होते. चिमटा नुसता सुटला असता तरी आवाज बंद पडला असता, आणि वायर सैल आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याने दुसरा हातही लावला आणि भाषण संपेपर्यंत चिमटा घट्ट दाबून धरला.