दादाचा फोटोतला चेहरा

इथल्या कॅसिनोंमध्ये एक सोय असते. ज्याला जुगार आवरत नाही त्याने स्वतः जायचं, फोटो काढू द्यायचा आणि मला यापुढे आत घेऊ नका म्हणून सही करून द्यायची. त्यानंतर तो माणूस दारात किंवा आत दिसला तर त्याला बाहेर काढतात. माझ्या थोरल्या भावाने ही सही दोन हजारच्या दशकात केली, आणि पुढची वर्षं आमच्या घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहिलं. दादा पुन्हा आत जाऊ नये.

दादा इंजिनियर. माझ्या आधी इकडे आला. स्कारबरोत त्याचं घर, आई त्याच्याकडे. मी ब्रॅम्पटनला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खर्चाचे अंदाज काढायचं काम करायचो. त्याला कॅसिनोचा नाद लागला तो अगदी सभ्य रस्त्याने. त्यांच्या जवळच्या प्लाझातून कॅसिनोची कोच बस सुटायची. जाणं-येणं फुकट, वर जेवणाचं कूपन. मराठी मंडळातल्या आजी-आजोबांनी एकदा सहल काढली आणि इंग्रजीची सोबत हवी म्हणून दादाला नेलं. म्हातारी मंडळी बुफे जेवून, नावं ठेवून परत आली. दादा पुढच्या आठवड्यात एकटा गेला.

घरावर दुसरं कर्ज काढायला वहिनीची सही लागली तेव्हा तिला हा नाद कळला. तिने आधी कॅसिनोलाच फोन लावला.

"मी बायको आहे त्यांची. मीच सही करते, घेऊ नका त्यांना आत," असं तिने सांगितलं. पलीकडच्या बाईने शांतपणे समजावलं की सही ज्याची त्यानेच करायची असते, घरच्यांची चालत नाही.

"घर गहाण टाकताना माझी सही लागली," वहिनी मला म्हणाली, "आणि ह्याला नाही चालत! कसले हो तुमच्या देशाचे नियम?"

"माझा देश कधीपासून झाला?" मी म्हटलं.

"सिटिझनशिप पहिल्यांदा कोणी घेतली?"

शेवटी दादा आपणहून तयार झाला. मी गाडी चालवत त्याला नेलं. फोटो काढताना त्याने कंगव्याने भांग पाडला होता. दाट काळे केस, भरघोस मिश्या, सोनेरी काडीचा चष्मा. त्यानंतर घरी येणारी कूपनं थांबली. वहिनी रोज टपालपेटी उघडून बघायची आणि रिकामी दिसली की तिचा दिवस बरा जायचा. दोन वर्षं अशी गेली. मला वाटलं, पद्धत चालते आहे.

मग फेब्रुवारीत आई गेली.

दहाव्या दिवशी थोरल्या मुलाने क्षौर करायचं. गुरुजी म्हणाले, एकाने केलं तरी पुरे, म्हणून माझे केस राहिले. सोमवारी माझी ऑफिसात मीटिंग होती, मी वाद घातला नाही. प्लाझातला न्हावी तमिळ होता, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने मिश्यांना वस्तरा लावण्याआधी दादाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. घरी आल्यावर पुतणी दारातच थबकली. "बाबा, यू लुक लाइक समबडी एल्स," ती म्हणाली. वहिनीने तिला डोळ्यांनी दटावलं. पण खरंच, मीसुद्धा त्याच्याकडे सरळ बघायचं टाळत होतो. मिशी गेल्यावर त्याचा वरचा ओठ आमच्या बाबांसारखाच पातळ निघाला. चष्मा तर आईच्या आजारपणातच बदलला होता. जुन्याची काडी हॉस्पिटलच्या खुर्चीत मोडली होती.

तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं. पाहुणे गेले. दोन दिवसांनी दुपारी मला ऑफिसात दादाचा फोन आला.

"मी आत जाऊन आलो," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "कुठे आत?"

"त्यांनी ओळखलं नाही रे."

मागे गाड्यांचे आवाज येत होते. तो कॅसिनोच्या पार्किंगमधून बोलत होता. मी त्याला म्हटलं, गाडीतच बसून राहा, मी येतो. मधल्या सव्वा तासाच्या रस्त्यावर बाजूला फावड्याने लोटून ठेवलेले बर्फाचे ढीग काळे पडले होते एवढंच मला आठवतं.

गाडीत बसून त्याने सगळं क्रमाने सांगितलं. आम्हा दोघांची तीच सवय. दारावर तोच गार्ड होता, जो पूर्वी त्याला रोज नमस्कार केल्यासारखा हात करायचा. नियमाप्रमाणे गार्डने लोकरीची टोपी काढायला लावली, चेहरा नीट दिसावा म्हणून. दादाने काढली. तुळतुळीत डोकं बघून गार्ड म्हणाला, "थँक यू, सर," आणि बाजूला झाला.

"टोपी काढायला लावली, दादा. म्हणजे त्याने त्याचं काम केलं," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. 

"हो. काम चोख केलं." तो म्हणाला, "मी बसलो. म्हटलं, येईल कोणीतरी, खांद्यावर हात ठेवील. कॅमेऱ्याखालचंच मशीन घेतलं होतं. कोणी आलं नाही. मग वॉशरूममध्ये गेलो. हात धुताना वर बघितलं तर आरशात बाबा."

मी हीटर वाढवला.

"आजोबा गेले तेव्हाचे. तसेच. माझ्याकडे बघत होते."

"मग?"

"मग काय. हात पुसले आणि परत जाऊन बसलो."

हे तो ज्या आवाजात बोलला तो आवाज मला आजही अधूनमधून ऐकू येतो. रडवेला नव्हता. एखाद्या यंत्राचा दोष कुठे आहे ते सापडल्यावर इंजिनियर बोलतो तसा होता.

त्याच दिवशी आम्ही तिथल्या मदत-कक्षात गेलो. जुगाराच्या धोक्यांची पत्रकं मांडलेली एक छोटी खोली, एक पन्नाशीची बाई. दादाने स्वतःच सांगितलं की मी नियम मोडून आत बसून आलो आहे. तिने रागावल्यासारखं काही केलं नाही. संगणकावरचा फोटो उघडला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. आई गेल्याचं आणि केस का काढले ते मी सांगितलं.

"आय अ‍ॅम सो सॉरी," ती म्हणाली. नवा फोटो काढला. मग तिने एक साधा व्यवहारी प्रश्न विचारला. केस परत आल्यावर तुम्ही कसे दिसाल?

"जुन्या फोटोसारखा," दादा म्हणाला. "हुबेहूब. आय प्रॉमिस."

तिने दोन्ही फोटो ठेवून घेतले. निघताना तिने ड्यूटीवरच्या गार्डना एकेक करून आत बोलावलं आणि दादा मधोमध उभा राहिला. ते येत, त्याच्या तोंडाकडे नीट बघत, मान हलवून जात. कोणी मोठ्याने बोललं नाही. तेरा-चौदा दिवसांपूर्वी अंत्यदर्शनाला आईच्या भोवती लोक असेच येऊन गेले होते.

केस आले. मिश्या आल्या. दादाने दुकानं पालथी घालून तसाच सोनेरी काडीचा चष्मा मिळवला. पुढची काही वर्षं त्यात काही विशेष वाटलं नाही. पण पन्नाशी ओलांडल्यावर कानशिलं पिकली आणि वहिनीने त्याला महिन्यातून एकदा बेसमेंटच्या वॉशरूममध्ये स्टुलावर बसवून कलप लावायला सुरुवात केली. तो स्वतः लावत नसे, कारण आरशाकडे पाठ करूनच बसायचा.

मंडळाच्या पिकनिकला त्याची चेष्टा व्हायची. "काय साहेब, आमच्या सगळ्यांची टकलं झाली, तुम्ही अजून विशीत! वहिनी, लक्ष ठेवा हो."

"मीच लावते कलप," वहिनी म्हणायची, "मलाच म्हातारा नवरा नको," आणि सगळे हसायचे. दादाही हसायचा.

पुढे वाचनात आलं की कॅसिनोंमध्ये आता चेहरा ओळखणारी यंत्रं बसवताहेत. मी पूर्ण माहिती काढली, माझा स्वभावच तो. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, जबड्याची ठेवण, असली मापं यंत्र घेतं. केस असोत-नसोत, मिश्या असोत-नसोत, हाडं बदलत नाहीत. मी हे दादाला समजावलं. त्याने मन लावून ऐकलं, अंधूक उजेडात किती चुकतं वगैरे दोन-तीन चांगल्या शंका काढल्या. मला वाटलं, सुटला बिचारा.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी पुतणीकडे ओटावाला गेली होती. मी सहज भेटायला गेलो तर दादा बेसमेंटमधून हाक मारत होता. खांद्यावर जुना टॉवेल, वाटीत कालवलेला कलप, हातात ब्रश तयार.

"बरं झालं आलास. लावून दे."

"दादा, मी तुला सांगितलं ना? आता केसांचा काही संबंध नाही."

"कळलं ते मला." त्याने मान खाली घातली. "मानेवर पांढरे दिसतायत बघ, तिथून सुरू कर."

मी ब्रश घेतला आणि मानेपासून सुरुवात केली. त्याचा श्वास हळूहळू संथ होत गेला. दोन्ही बाजूंचे कल्ले झाले, मिश्या झाल्या, तरी तो उठला नाही.

"झालं," मी म्हटलं.

"नीट बघ," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "ओळखू येतोय ना?"